एक कतला आणि सगळ्यांचे बाप

माझं मलकापुरात फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं एकाच मशिनीतून निघतं. पुढाऱ्याच्या गालावरचे खड्डे बुजवायचे, टकलावर केस लावायचे, गेलेल्या माणसाला थोडं हसतं करायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे फोटोवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

मूळ गाव धरणाकाठचं. सगळी वस्ती भोयांची, धंदा मासेमारीचा. पुण्याकडच्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, "बुलढाण्यात समुद्र आहे?" मी हो म्हणून टाकतो.

गावातल्या मच्छीमार सोसायटीनं नवं सभागृह बांधलं आणि उद्घाटनाला कोणी मोठे साहेब येणार असं ठरलं. सोसायटीच्या अध्यक्षांच्या डोक्यात आलं की एका भिंतीवर गावाचे जुने फोटो लावायचे, म्हणजे साहेबांना आपला इतिहास दिसेल. इतिहास छापायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला, की घरातले जुने फोटो पाठवा. आधी आले ते लोकांचे स्वतःचे फोटो, मोटारसायकलवर बसलेले, गॉगल लावलेले. मग मी लिहिलं, जुने म्हणजे मेलेल्यांचे. तेव्हा कुठे लोक चादरीत गुंडाळलेल्या फ्रेमा घेऊन दुकानात यायला लागले.

पहिला फोटो खुद्द अध्यक्षांनीच आणला. त्यांचे वडील धोतरावर काळा कोट घालून ताठ उभे, आणि दोन्ही हातांत जवळजवळ छातीएवढा कतला मासा. मागे रंगवलेला पडदा. त्यावर बर्फाचे डोंगर, तळं आणि दोन हंस. "माह्या बापानं एकट्यानं धरला होता," अध्यक्ष म्हणाले. "अख्ख्या धरणात एवढा मासा पुन्हा कोणाले भेटला नाही."

दुसऱ्या दिवशी माजी अध्यक्ष आले. हे दोघं कित्येक वर्षांपासून एका टपरीवर चहा पीत नाहीत. त्यांनीही वडिलांचा फोटो आणला होता. धोतरावर काळा कोट, हातात मोठा कतला, मागे बर्फाचे डोंगर. "आमच्या वडलायचा पराक्रम," ते म्हणाले. मी मान डोलावली. धंद्यात मान डोलावणं मी सगळ्यात आधी शिकलो.

त्यानंतर जो येई तो तोच पराक्रम घेऊन येई. सगळे फोटो स्कॅन करून स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले, तेव्हा मला हसू आवरेना. पडदा एक, कोट एक. ठेंगण्या माणसाच्या बाह्या बोटांखाली लोंबत होत्या आणि धिप्पाड माणसाच्या कोटाचं बटण लागत नव्हतं. मासाही एकच. शेपटीचा वरचा कोपरा सगळीकडे सारखाच फाटलेला होता. गावातल्या प्रत्येक घरानं इतकी वर्षं आपल्या बापाचा म्हणून जो मासा भिंतीवर टांगला होता, तो एकच कतला होता.

नेमके तेव्हाच अध्यक्ष दुकानात शिरले. त्यांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं.

"हे काय आहे बे?"

"फोटो आहेत, भाऊ."

"ते दिसून राह्यलं मले. माह्या बापाचा मासा ह्या सगळ्या लोकायजवळ काऊन आहे?"

मी म्हणालो, मला काय माहीत, मी फक्त छापतो. ते म्हणाले, बाकीच्यांनी नुसता हातात धरला असेल, पकडला आमच्याच बापानं. भिंतीवर तोच एक फोटो मोठा लाव, बाकीचे राहू दे. संध्याकाळपर्यंत ही बातमी गावात पोचली आणि माजी अध्यक्षांचा फोन आला. "त्याच्या बापाले पोहता तरी येत होतं का, विचार त्याले," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. उद्घाटन तोंडावर आलेलं, आणि एका मेलेल्या माशावरून गावात दोन तट पडले.

शेवटी मी सगळे फोटो छापून घेतले आणि गावी आत्याकडे गेलो. माझी आत्या सत्तरीच्या पुढची. लग्न करून सासरी गेली, सासूशी पटलं नाही म्हणून थोड्याच दिवसांत परत आली, आणि मग तिला पुन्हा पाठवायची कोणाची हिंमत झाली नाही. गावात ती कोणालाच भीत नाही, देवालाही जेमतेमच. ती ओट्यावर बसून जाळं शिवत होती. मी फोटो तिच्या पुढ्यात मांडले. तिनं एकेक उचलून हात लांब करून पाहिला.

"हा तं आमचा कतला आहे," ती म्हणाली.

"आमचा म्हणजे कोणाचा?"

"माहा आन् तिचा."

ती म्हणजे अध्यक्षांची आई, आत्याची जिवाभावाची मैत्रीण, तेव्हा नवीनच लग्न होऊन गावात आलेली. त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार आटलं होतं. दोघी गोधड्या धुवायला खाली गेल्या, तर कडेच्या एका डबक्यात काहीतरी धडपडताना दिसलं. पाणी ओसरलं तसा हा कतला तिथंच अडकून पडला होता. मैत्रिणीनं त्याच्यावर ओली गोधडी टाकली आणि आत्यानं वरून कपडे धुवायच्या मोगरीनं हाणलं. मग दोघींनी त्याला त्याच गोधडीत घालून ओढत वर आणलं.

"आन् गावातले बापे कुठं होते?"

"निंबाखाली. पत्ते खेळून राह्यले होते."

त्याच दिवशी मलकापूरचा फोटोग्राफर गावात आलेला होता. मासेमारीच्या परवान्यासाठी प्रत्येकाचा फोटो लागत होता, म्हणून तो सायकलवर पडदा बांधून आणि सगळ्यांना घालायला एक कोट घेऊन आला होता. समोर एवढा मासा आलेला पाहून पत्ते तिथंच राहिले. परवान्याचा फोटो झाला की जो तो म्हणे, आता एक माशासंगं. आणि एकदा एकानं काढल्यावर दुसरा मागे कसा राहील.

"दिवसभर फोटूच निघून राह्यले होते," आत्या म्हणाली. "आम्ही मसाला वाटून बसलो होतो. मासा घरी येईपर्यंत त्याचा वास सुटला. कालवण कोणालेच भेटलं नाही. गाडून टाकला त्याले."

मग तिनं सगळे फोटो एका रांगेत लावले. सुरुवातीला मासा टवटवीत, चकचकीत, आणि धरणारा छाती काढून उभा. मधल्या फोटोंत डोळे खोल गेलेले आणि हातांतलं अंतर वाढलेलं. शेवटी शेवटी तर गावातले शूर पुरुष मान वळवून, श्वास रोखून उभे. हे ऐकेपर्यंत तो करारी चेहरा आहे अशीच आमची समजूत होती. सगळ्यात शेवटचा फोटो माजी अध्यक्षांच्या वडिलांचा. त्यात मासा इतका लिबलिबीत झाला होता की एका माणसाला धरवेना, म्हणून पडद्याच्या आडून कोणाचा तरी हात पुढे आला होता. त्यात काचेच्या बांगड्या होत्या आणि त्यानं शेपटी उचलून धरली होती.

आत्यानं त्या हातावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तुमच्या अध्यक्षाले बोलाव."

अध्यक्ष आले. भांडायच्या तयारीनंच आले होते. आत्यानं त्यांना बसू दिलं आणि फोटो हातात दिला.

"हा तं त्याचा बाप आहे," ते म्हणाले.

"बापाले सोड. हा हात पाह्य. तुह्या मायचा आहे."

अध्यक्षांची आई ते रांगत होते तेव्हाच गेली. तिचा एकही फोटो नव्हता, कारण फोटो परवान्यासाठी निघायचे आणि परवाने बाप्यांचे असायचे. ते फोटो डोळ्यांजवळ घेऊन बसले.

"कशावरून?" त्यांनी विचारलं.

"मनगटावर विंचू गोंदलेला आहे. हा पाह्य, माह्याबी हातावर आहे. दोघीनं संगंच गोंदून घेतला होता, जत्रेत." आत्यानं आपला सुरकुतलेला हात पुढे केला.

मी मोबाईलमध्ये तो भाग मोठा करून दाखवला. स्पष्ट नव्हता, पण विंचू होता.

"दिसाले कशी होती?" अध्यक्षांनी विचारलं.

"काळी. ठेंगणी. दात पुढं होते, म्हणून हसताना तोंडावर हात धरे. आन् अडेल, तुह्यासारखीच."

ते मान खाली घालून हसले. आत्यानं जाळं पुन्हा हातात घेतलं आणि ती शिवत राहिली. जाताना अध्यक्ष मला म्हणाले, "मोठा कर हा."

"कोणता? तुमच्या वडिलांचा?"

"हात बे."

पण तो हात माजी अध्यक्षांच्या घरच्या फोटोत होता. मी स्कॅन केलेलाच होता, गुपचूप छापला असता तरी चाललं असतं. अध्यक्ष मात्र माजी अध्यक्षांच्या दारात स्वतः गेले, मी मागून. माजी अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. आत जाऊन ते फ्रेम घेऊन आले आणि काच धोतराच्या टोकानं पुसली.

"नेय," ते म्हणाले. "पण माह्या बापाले कापू नको."

"नाही कापत."

मग चहा आला. दोघांनी तो घेतला, बोलले मात्र पावसाविषयी.

भिंतीवर फोटो आत्यानं लावलेल्या क्रमानं लागले, ताज्यापासून सडक्यापर्यंत. सगळ्यात मोठा शेवटचा, नाक मुरडलेले माजी अध्यक्षांचे वडील आणि अध्यक्षांच्या आईचा हात. खाली काय लिहायचं यावर सभा झाली. कोणी म्हणालं 'गावाचा गौरव', कोणी म्हणालं 'पराक्रमी पूर्वज'. आत्यानं दारातूनच सांगितलं, "मोगरी मी हाणली, गोधडी तिनं टाकली. तेच लिव." तेच लिहिलं, फक्त नीट शुद्धलेखनात.

उद्घाटनाला साहेब आले, फीत कापली, फोटोंपुढून भरभर चालत गेले आणि "छान, छान" म्हणाले. साहेब शाकाहारी निघाले. त्यामुळे मच्छीमार सोसायटीच्या सभागृहातली पहिली पंगत पनीरच्या भाजीची झाली. आत्यानं एक फोड तोंडात टाकली, चावून पाहिली, आणि शेजारी बसलेल्या अध्यक्षांना शांतपणे विचारलं, "हे कोणत्या पाण्यात भेटते रे?"