दाराशी आलेला उजेड
मिक्सर तापून त्यातून ठिणग्यांचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली आमच्या वस्तीतली चौदा एप्रिलची ती जयंती आठवते. माधवनगरच्या गिरणीत वायरमन असलेल्या माझ्या मावसभावाने त्या वर्षी चावडीपासून आमच्या दारापर्यंत ट्यूबांची रांग बांधली होती. मोटरवर एक लाकडी रूळ फिरायचा, त्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना तीन वायरी आळीपाळीने टेकायच्या, ठिणग्या उडायच्या आणि निळसर पांढरा उजेड ट्यूबांतून पळत सुटायचा. गावातल्या सणांची लायटिंग कायम चावडीशीच संपायची. वस्तीत ती पहिल्यांदाच येत होती. दिवस मावळताना त्याने बटण दाबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण उंबऱ्यात उभी असलेली माझी आई गप्पच. "काय झालं मावशी? न्हाई आवडलं व्हय?" त्याने विचारलं. आई म्हणाली, "लय देखणं हाय रं. पर उजेड आपल्या दारातनं निघून चावडीकडंच पळतुया. आजवर तिकडंच गेला की समदा." मोटर थांबवून त्याने तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली आणि पुन्हा बटण दाबलं. आता उजेड चावडीपासून निघाला आणि एकेक ट्यूब उजळत थेट आमच्या दाराशी आला. आई उंबऱ्यातून बाजूला सरली, पाहुण्याला वाट द्यावी तशी. हल्ली लायटिंगच्या तयार माळा मिळतात, जयंतीला मीच त्या लावतो. बटण मात्र मुलीला दाबायला सांगतो आणि मी दारातून बाजूला होतो.