तात्यांचा किडा, अण्णांचा किडा

किडे ओळखणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यातच मी अशी माती खाल्लीय की ऐकण्याआधी हातातला कप खाली ठेवा, नाहीतर चहा सांडेल.

मुळशीत, भरे गावात, मी तात्यांकडे खोली घेऊन राहते. घरून निघताना वडिलांना ठणकावून आले होते, स्थळं बघू नका, माझा नवरा मी शोधीन. नवरा राहिला बाजूला, तात्यांच्या उकिरड्यात मला किडा सापडला. रोव्ह बीटल म्हणतात त्याला. आखूड पंखांचा, शेपूट वर करून पळणारा. अंगानं तांदळाच्या कणीएवढा, पण डोकं केवढं! पुस्तकं पालथी घातली, कुठेच नोंद नाही. म्हणजे नवी प्रजाती! त्या आनंदात मी तात्यांना म्हणाले, याला तुमचंच नाव देते. तात्यांनी आळीभर पेढे वाटले.

आता, बांधापलीकडचा उकिरडा त्यांच्या धाकट्या भावाचा, अण्णांचा. त्या बांधापायी दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. तिथे मोठ्या डोक्याचे किडे होतेच, पण त्यांच्या सोबतीनं लहान डोक्याचेही काही मिळाले. मी लगेच ठरवलं, ही दुसरी नवी प्रजाती आणि पहिलीची सगळ्यात जवळची नातेवाईक. तेवढ्यात अण्णा आडवे आले.

"त्याचं नाव किड्याला, आन् माजं न्हाई व्हय? मग माज्या उकिरड्याला हात लावायचा न्हाई."

दिलं त्यांचंही नाव. दोन्ही घरांत देवांशेजारी किड्यांच्या फ्रेम लागल्या. तात्या येता-जाता ऐकवायचे, थोरल्याचं डोकं मोठंच असायचं.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. किड्याचं पोट उघडून आतले अवयव बघितल्याशिवाय प्रजाती पक्की करायची नाही. तात्यांचा मी उघडला होता, नर होता. अण्णांचे मोजकेच, ते फाडायला माझा जीव होईना. शोधनिबंध लिहून झाला, तेव्हा माझ्या गाइड मॅडमनी फोनवर सहज विचारलं, दुसरा उघडलास ना?

उघडला. पोटात अंडी. आणखी एक उघडला, त्यातही अंडी. कसली दुसरी प्रजाती? मोठ्या डोक्याचा नर, लहान डोक्याची मादी, नवराबायको होते ते! माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा सुखाचा संसार चालला होता आणि मी त्यांची भावकी लावून मोकळी झाले होते.

आता अण्णांना कसं सांगू, की तुम्ही तात्यांची बायको आहात? खोली जाणार, दोन्ही उकिरडे जाणार आणि बांधावर कुऱ्हाडी निघणार, अशी माझी खात्री होती. शेवटी दोघांना बांधावर बोलावलं आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

मग अण्णा वळले ते थेट भावाकडे.

"दादा, लई शिकल्याली हाय म्हून गावभर सांगत हुतास, ती हीच नव्हं?"

दोघं भाऊ हसून हसून त्याच बांधावर बसले. किड्याला मी गुपचूप गावाचं नाव दिलं. मला वाटलं, सुटले.

कसली सुटतेय! संध्याकाळी तात्यांनी माझ्यासमोरच माझ्या वडिलांना फोन लावला.

"पावनं, नवरा तुमीच बघा. हिच्याम्होरं नवराबायकू एका जागी नांदत हुती, हिनं त्यास्नी भाऊ-भाऊ केलं."