जुन्या कथांची दुरुस्ती

आम्ही जमतो ते कथा लिहायला. पण घरी जाताना कथा अर्धीच असते, आणि किस्सा मात्र पूर्ण! असे किती साठलेत, विचारू नका.

आम्ही म्हणजे चौघं. सलीम टेलर, धानोऱ्याला शेती करणारा विजय, धडगावला शिक्षिका असलेली प्रमिला आणि मेडिकल स्टोअर चालवणारी मी. अकरावी-बारावीला नंदुरबारला एका वर्गात होतो आणि चौघांनाही कथा लिहायचा नाद. आता चाळिशी उलटली. एकदा प्रमिला म्हणाली, "त्या कथा पुन्हा लिहू या. तेव्हा काय कळत होतं आपल्याला?" तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी सलीमच्या घरी बसतो. एकाने वाचायचं, तिघांनी फाडायचं.

*

पहिला नंबर सलीमच्या डिटेक्टिव्ह कथेचा. खुनी काळा कोट घालून स्टेशनकडे चाललाय. गाव नंदुरबार, महिना मे!

विजय त्याच्या अहिराणीत म्हणाला, "मे महिनामा आठे कोट घालीसन फिरना, तर त्याले फाशी देवानी गरजच नही!"

सलीमला लागलं. अब्बांच्या हाताखाली तो कोट शिवायला शिकला, तेव्हाची ती कथा. त्याने कोट ठेवला आणि खून डिसेंबरात नेला. पण खुनी पकडला जातो तो कोटावरच्या आमरसाच्या डागामुळे. डिसेंबरात आमरस आणायचा कुठून?

पुढच्या बैठकीला सलीम पडेल चेहऱ्याने आला. "कोट काढून टाकला. तसाही डाग पडलेला कोट मला बघवत नव्हता!"

*

विजयचा नायक मुंबईत राहायचा. रोज पहाटे समुद्रावर जायचा आणि समुद्रातून वर येणारा सूर्य बघून रडायचा. तेव्हा आमच्यातल्या कुणीच समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे आम्हीही रडलो.

पुढे मुलाच्या ॲडमिशनसाठी विजय मुंबईला गेला. पहाटे उठून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. सूर्य काही येईना. शेवटी पाठ तापायला लागली, तेव्हा लक्षात आलं!

"मास्तरनी बी लाल रेघ मारी नही," तो म्हणाला. "मंग माले काय ठाऊक?"

नव्या कथेत त्याने नायकाला मुंबईहून उचलून प्रकाशा गावी तापीकाठी आणून ठेवलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पहिलाच बरा व्हता. निदान गाव सोडीसन तरी गया व्हता!"

*

प्रमिलाच्या घरी पावरी बोलतात. पण तिच्या कथेतली आई बोलायची अगदी पाठ्यपुस्तकातलं. "बाळ, किती गं दमलीस! ये, जरा विसावा घे."

"आमची आई असं बोलली असती, तर मी डॉक्टर बोलावला असता," प्रमिला म्हणाली.

मग तिने आईचे सगळे संवाद पावरीत लिहिले आणि गावी जाऊन आईलाच ऐकवले. आई म्हणाली, "बाई बोलते माझ्यासारखी. पण फार बोलते."

प्रमिलाने निम्मे संवाद उडवले. आई म्हणाली, "अजून बोलते." पुन्हा उडवले. असं करत करत एकच पावरी शब्द उरला, मराठीत सांगायचं तर: आलीस?

आई म्हणाली, "हां. ही मी."

*

माझ्या कथांमधल्या नायिका खोकून मरायच्या. रोगाचं नाव कधीच नसायचं. रुमालावर रक्ताचा थेंब आणि उशाशी नायक, एवढं पुरायचं. शलाका नावाच्या नायिकेला मी पुन्हा मारायला घेतलं, पण दिवसभर औषधं देणाऱ्या बाईच्या हातून ते होईना. प्रत्येक रोगाची गोळी समोरच्या कपाटात दिसते!

शेवटी शलाका बरी झाली. पण नायकाचं मरणाच्या पलंगापाशी केलेलं लांबलचक भाषण तसंच राहिलं होतं. ते काढवेना. मग शलाकाला उठून बसवलं आणि तिच्या तोंडी एकच वाक्य घातलं.

"एवढं होतं मनात, तर मी धडधाकट असताना का नाही बोललास?"

*

विजयला टाइप करायचा कंटाळा. तो शेतातून येता येता फोनला अहिराणीत कथा सांगतो आणि फोन आपल्या मनाने मराठी लिहितो. एकदा विजयने सांगितलं, "घरमा कोनी नही शे." 'शे' म्हणजे आहे, पण फोनने लिहिलं, "घरात कोणी नाही, शेर!"

प्रमिलाने वाचून विचारलं, "विजय, हा शेर पुढे कुठे गेला?"

विजयने फोन हातात घेतला, वाचलं, विचार केला. "ऱ्हाऊ दे त्याले. पहिल्यांदाच मन्ही कथामा काहीतरी घडनं!"

*

हा किस्सा गेल्याच महिन्यातला.

आम्ही अकरावीत असताना सलीमचा थोरला भाऊ अब्बांशी भांडला आणि दुसऱ्या दिवशी घरात कुणालाही न सांगता सुरतेच्या गाडीत बसला. परत आला नाही. फोन नाही, निरोप नाही. त्याच वर्षी सलीमने एक कथा लिहिली. एक मुलगा घर सोडतो, पण वाटेत नवापूरला गाडीतून उतरतो, उलट्या गाडीने घरी येतो आणि आईने वाढलेलं जेवतो. आम्ही तेव्हाही काही विचारलं नव्हतं.

आता सलीमने शेवट बदलला. नवापूर येतं. मुलगा दारात उभा राहतो. गाडी सुटते. तो उतरत नाही.

प्रमिला म्हणाली, "आता खरी वाटते."

विजय म्हणाला, "भाऊ, आते जमनं!"

सलीमच्या अम्मी शेजारच्या खोलीत शर्टांना बटणं लावत होत्या. त्यांना सगळं ऐकू जातंय, हे आमच्या ध्यानातच नव्हतं. हातातला शर्ट तसाच घेऊन त्या दारात आल्या.

"सलीम, पहले तो वो उतरता था ना?"

"हां अम्मी. वो बचपन में लिखा था."

"और खाना खाता था."

"हां."

"तो अब भूखा गया?"

आम्ही तिघं खाली बघत बसलो. मग सलीमने पेन उघडलं, शेवटच्या ओळीखाली काहीतरी लिहिलं आणि अम्मींना वाचून दाखवलं. "गाडी सुटल्यावर त्याने पिशवीतला डबा उघडला."

अम्मींनी मान हलवली आणि आत जायला वळल्या.

"भरीत लिख," त्या म्हणाल्या. "भरीत दिया था मैंने."