दहा लाख तीन

आत्याच्या पायमशीनवर पितळी पट्टी होती आणि पट्टीवर नंबर होता: १०००००३. कारखान्याच्या दहा लाखाव्या मशीनचा म्हणे पेपरात फोटो आला होता. "तीन नंबर आधी जन्मलं असतं तर तुझ्या मशीनचाही आला असता!" इस्त्रीवाले काका वाफेसकट खिदळायचे.

"त्या दहा लाखाचं कसलं कौतुक?" आत्या दातानं दोरा तोडत म्हणायची. "दोननं फोडा, पाचनं फोडा, नुसता भुगा! माझा नंबर मूळ संख्या आहे. एकानं भागा नाहीतर त्याच्या त्यानंच, बाकी कुणाची टाप नाही."

"कशावरून?" तिच्या धाकट्या भावानं एकदा विचारलंच. शिलाईचं दुकान त्याचं. त्याला विजेचं मशीन आणायचं होतं आणि हे भंगारात द्यायचं होतं. "ताई, हा नंबर फुटला तर मशीन जाणार. कबूल?"

"कबूल. आणि नाही फुटला तर पुन्हा भंगाराचं नाव काढायचं नाही."

कापायच्या टेबलावर आत्याचा खडू चालू लागला. हजाराच्या आतल्या मूळ संख्या पुरे होत्या. नंबराचे दोन तुकडे पडलेच, तर त्यातला एक हजाराच्या आतलाच असणार. गिऱ्हाईक गेलं की एक भागाकार. सात, अकरा, तेरा, सदतीस, चौघांनीही बाकी चारच ठेवली. "कट करून आलेत मेले," आत्या खुशीत होती.

मग आला एकशे एक. १०१ गुणिले ९९०१. आत्यानं उत्तर लिहिलं: १०००००३.

बाकी काहीच नाही.

काकांची इस्त्री हवेतच राहिली. भाऊ हसला नाही, पण चपला मात्र घातल्या. "भंगारवाल्याला सांगून येतो, ताई."

आत्यानं मशीनच्या चाकावर हात ठेवला. या चाकावर तिनं घर चालवलं होतं, या भावाचे शाळेचे शर्टसुद्धा इथेच शिवले होते. तिनं पुन्हा खडूकडे पाहिलं. शेजारीच सकाळचं माप होतं: छाती छत्तीस, आणि लिहिलेलं अडतीस. दोन्ही बाजूंना एकेक, शिलाईसाठी.

"थांब रे! मी मार्जिन धरलं!"

"कशात?"

"गुणाकारात! सवयीनं दोन वाढवले. कर तू, तूच कर!"

भावानं चपलेसकट उभ्यानंच गुणाकार केला. नीट मोजून शून्यं लिहिली: १०००००१. म्हणजे बाकी दोन.

"आकड्यालाही मार्जिन!" काकांनी कपाळावर हात मारला. "उद्या अंगानं भरला तर उसवता यावा म्हणून?"

हसता हसता आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण खडू तिनं खाली ठेवला नाही. सगळ्यात शेवटी नऊशे सत्त्याण्णव आला आणि बारा बाकी ठेवून गेला. पुढे कुणी उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं नाक मुरडलं, "केवढं जुनं मशीन हो!"

भाऊ खाली बसून मशीनला तेल घालत होता. त्यानं मान वर केली. "जुनं? अहो, दहा लाख तीन आहे हे. कुणाच्या बापाला फुटत नाही. विचारा आमच्या ताईला!"