कातडी देणारी सुंदराबाई

सुंदराबाई गोराईची. तरीतून खाडी ओलांडून बोरिवलीला आमच्या चाळीत मासे विकायला यायची. आम्ही सगळे कोकणातले खानदानी, गिरणीच्या संपाने घरी बसलो तरी खानदानीच. तिला आम्ही जिन्यात बसवायचो, कारण म्हणे घरभर वास सुटतो. तेच मासे आत नेऊन तळले की त्याला सुवास म्हणायचे.

चौऱ्याऐंशी साली शेजारच्या बळवंतच्या बायकोच्या, जयाच्या अंगावर स्टोव्ह भडकला. छाती आणि दोन्ही हात भाजले. डॉक्टर म्हणाले, "तिचीच कातडी काढून लावायची आहे, पण आत्ता तिला ते झेपणार नाही. तोवर दुसऱ्या कोणाच्या मांडीची पातळ कातडी झाकण म्हणून लावू. तीन आठवड्यांत ती गळून पडेल. नाही लावली तर जखमा चिघळतील आणि बाई हातची जाईल."

एवढा मोठा निर्णय माणसांनी कसा घ्यायचा? सासू रुक्मिणीने धाकट्या मुलाला एसटीने गावी धाडलं, ग्रामदेवतेचा कौल घ्यायला. पाच दिवसांनी तो परतला. देवाने उजवा कौल दिला होता, म्हणजे होकार. कातडी कोणाची, हे मात्र कोणी विचारलंच नव्हतं. बळवंतला नव्या नोकरीत रजा नव्हती, रुक्मिणीला डायबेटिस होता आणि माझं ब्लडप्रेशर नेमकं त्याच सकाळी वाढलं. तिकडे जया तापाने फणफणत होती. मला आजही स्वतःची लाज वाटते.

सुंदराबाईने हे जिन्यात ऐकलं, टोपली तिथेच टाकली आणि हॉस्पिटल गाठलं. "मांडीचीच ना, डाक्टर? काढा. मासली काय मी मांडीनं विकत नाय."

रुक्मिणी कुजबुजली, "सुनेच्या अंगाक म्हावऱ्याचो वास येतलो."

डॉक्टरांनी सहीचा कागद सुंदराबाईपुढे केला.

तिची कातडी लावली आणि जयाचा ताप उतरला. पुढे ती कातडी गळाली आणि जयाची स्वतःची लावली, तीही धरली. सुंदराबाईला कितीतरी दिवस खाली बसता येईना. ती उभ्यानेच मासे विकायची आणि आम्ही उभ्याउभ्याच घासाघीस करायचो.

जया घरी आल्यावर देवाच्या नावाने जेवण घातलं. कौल कसा खरा ठरला, यावर नातेवाईक भरभरून बोलले. सुंदराबाईचं पान जिन्यात मांडलं होतं. जयाने पट्टी बांधलेल्या हातांनी आपलं ताट उचललं आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.

"भायर कित्याक बसलंस गो?" रुक्मिणी आतून म्हणाली. "लोक काय म्हणतले?"

"आई, तीन आठवडे हिची कातडी पांघरून मी जगले," जया म्हणाली. "तेव्हा लोक कुठे होते?"