औसा, कावळ्याच्या वाटेनं

जगातलं कुठलंही अंतर बसल्या जागी कमी करून देणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे हदगावचे आमचे सासरे. आयुष्यभर त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, पण वाक्प्रचार सुटले नाहीत. त्यातही जीव जवळच्या अंतरांवर. कुठलीही जागा विचारा, ती ‘स्टोन्स थ्रो’, म्हणजे दगड भिरकावला तर पोचेल एवढ्यावर. लग्नाला आलेल्या एका पाहुण्याला त्यांनी मंगल कार्यालय असंच दाखवलं. बिचारा चालत पोचला तेव्हा शेवटची पंगत उठत होती. परतताना त्यानं विचारलं, "सर, दगड कुठवर फेकला हुता?" सासरे शांतपणे म्हणाले, "ते फेकणाऱ्याच्या दंडावर हाय." तेव्हापासून स्टँडवरचे ऑटोवाले "किती दगडं?" असंच विचारतात, आणि गावकरीही "दोन" म्हणून बिनदिक्कत बसतात. एकदा सासऱ्यांची नांदेडची एस्टी ‘हेअर्स ब्रेड्थ’नं, केसाच्या रुंदीएवढ्या अंतरानं चुकली. खरं तर एस्टी सुटली तेव्हा हे घरी दाढी करत होते, एवढाच त्यात केसाचा संबंध.

माझं स्थळ आलं तेव्हा मात्र कसोटी लागली. एकुलती एक लेक, आणि मी औशाचा. नांदेड, लोहा, लातूर ओलांडायचं म्हणजे एस्टीनं दिवस जातो. सासरे बैठकीत ऐटीत म्हणाले, "औसा? ॲज द क्रो फ्लाइज धरलं तर काहीच न्हाई. कावळा सरळ उडतो, तसं मोजायचं." आतून सासूबाई कडाडल्या, "अवं, पोरगी काय कावळ्याला देऊन राहिले का तुम्ही?" मी रंगानं असा, की बैठकीत हशा पिकला. लग्न झालं.

सासूबाई गेल्या आणि ते एकटे पडले. आमची ही रोज फोनवर म्हणायची, "बाबा, इकडं राहायला या." उत्तर ठरलेलं, "हॉप, स्किप अँड जंप! एक लंगडी, एक ढांग, एक उडी, की आलोच." यंदा ते न्हाणीत घसरले. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं, परत घरी आणून सोडलं. आम्ही पोचेपर्यंत दिवेलागण झाली. पाय प्लास्टरमध्ये, तरी पलंगावरून "कशाला धावपळ केली, मी काय लांब..." सुरूच. हिचा बांध फुटला. "बाबा, मला यायला आख्खा दिवस लागला. तोवर तुमच्या उशाला कुणी नव्हतं. हे जवळ हाय का?"

आता कुठला वाक्प्रचार निघतो, याची मी सवयीनं वाट बघत होतो. मग खाली बघत ते मराठीत म्हणाले, "न्हाई गं. लई लांब हाय. तू सासरी निघालीस त्याच दिवशी कळलं हुतं मला."

इतकी वर्षं या माणसाची थट्टा केली, याची मला फार लाज वाटली. हिनं डोळे पुसले, कपाट उघडलं आणि त्यांचे कपडे बॅगेत भरायला घेतले. त्यांनी अडवलं नाही. फक्त चष्म्याचं घर कुठल्या फळीवर आहे, तेवढं सांगितलं.