सिताबाईच्या बागेखालचा कातळ

परंड्याच्या बशीरला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस येते. हॉटेलातल्या ग्लासाची येते, लॉजच्या चादरीची येते, दुसऱ्याच्या गाडीत बसायची वेळ आली तर सीटची येते. माणूस पन्नाशी ओलांडलेला, सतरा सीटांच्या टेम्पो ट्रॅव्हलरचा मालक आणि ड्रायव्हर. त्याच्या गाडीइतकी स्वच्छ गाडी तालुक्यात नाही, हे त्याच्याशी न पटणारेही कबूल करतील. मागच्या सीटच्या दांड्याला युरियाचं रिकामं पोतं टांगलेलं असतं. वेफर्सचं पाकीट असो की घाटात ओकलेली पिशवी, सगळं त्या पोत्यात गेलं पाहिजे. खाली शेंगेचं एक टरफल दिसलं तर बशीर गाडी बाजूला घेतो आणि मागं वळून नुसता बघत बसतो. टरफल उचललं जाईपर्यंत गाडी जागची हलत नाही.

अशा माणसाला मासे धरायचा नाद असावा, ही एक गंमतच. पण नाद लहानपणापासूनचा. आधी सीनेच्या डोहात, मग कोळेगावच्या धरणावर. गाडी घेतली, कोकणच्या सहली लागल्या, तसा तो नाद गाडीत बसून समुद्रावर गेला. मंडळी दुपारचं जेवून लॉजवर आडवी झाली, की बशीर सीटखालचा गळ काढून निघतो. चार तास त्याचे. बोटीत तो बसत नाही. बोटवाले पैसे उपटतात, डिझेलच्या धुरानं मळमळतं, अशी कारणं तो सांगतो. खरं कारण त्याच्या बायकोला, रजियाबीला ठाऊक आहे. पायाखाली जमीन नसली की त्याची पाचावर धारण बसते.

तर काठावरून मासे धरायचे, आणि काठ शोधायचा. हे काम किती घाण आहे, हे बशीरकडून ऐकावं. गावाजवळच्या पुळणीवर उंटाची लीद, शहाळ्यांचे ढीग आणि गटाराचा काळा ओघळ. जेट्टीवर माशांची आतडी, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, आणि वर हटकायला एक वॉचमन. म्हणून लांबच्या खडकांवर जावं, तर तिथं सकाळी कोण कशासाठी येऊन गेलं ते पाय टाकल्याबरोबर कळतं. एकदा मोबाईलवरच्या व्हिडिओत कुणीतरी "जबरदस्त जागा" दाखवली म्हणून तो बारा किलोमीटर गेला. ती एका रिसॉर्टची मागची भिंत निघाली आणि तिच्यातून साबणाचं पाणी पडत होतं. बशीर तिथंच थुंकला आणि परत फिरला.

त्याच्याही चुका झाल्याच. धरणावर आधी जागेला चारा टाकायची रीत असते. शेंगदाण्याची पेंड भिजवून दोन दिवस एकाच जागी टाकली, की मासळी तिथं खिळते. बशीरनं हीच पेंड घमेलं भरून समुद्रात टाकली. लाटेनं ती त्याच्याच पायांवर आणून ओतली आणि बघणारी कोळ्याची पोरं हसून लोळली. एका खेपेला त्याला एक झकास जागा सापडली. पुढच्या खेपेला बरोबर त्याच वेळेला गेला, तर पाणीच नव्हतं. गुडघाभर चिखल आणि त्यात पळणारे खेकडे. भरती रोज पाऊण तासानं पुढं सरकते, हे त्याला एका चहावाल्यानं सांगितलं, तेही असं, की जणू हे न कळणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला.

पण बशीर शिकला. ओहोटीला जायचं, गळ न घेता. पाणी उतरलं की कातळातल्या घळी, कपारी, खड्डे उघडे पडतात. ते नीट बघून ठेवायचे. कालवं, म्हणजे कातळाला चिकटलेली शिंपलं, कुठं दाट आहेत ते बघायचं, कारण ती खायला मासे येणारच. मग भरतीला, जागा झाकली गेल्यावर, त्याच कपारीच्या अंदाजानं कोळंबी लावून गळ सोडायचा.

असं शोधता शोधताच त्याला रत्नागिरीच्या अलीकडं, एका खाडीच्या तोंडाशी, सिताबाईच्या बागेखालचा कातळ सापडला. लांब, सपाट, पाण्यात उतरलेला, आणि स्वच्छ. इतका स्वच्छ की बशीरनं पहिल्यांदा चप्पल काढून त्यावर पाय ठेवला. तिथं जायला वाट एकच, सिताबाईच्या आंब्यातून, बांबूच्या फाटकातून. सिताबाई सत्तरीची, एकटी राहणारी, कालवं फोडून विकणारी. अनोळखी माणसाला ती आत घेत नसे. बशीर फाटकाबाहेर अर्धा तास उभा राहिला, पाणीसुद्धा मागितलं नाही, तेव्हा तिनं विचारलं काय पाहिजे. घाण करणार नाहीस ना, एवढंच तिनं बजावलं. बशीरला हसू आलं. घाणीबद्दल त्याला कुणी बजावावं!

तीन वर्षं तो कातळ त्याचा होता. तांबोशी मिळाली, गोबरा मिळाला, एकदा हाताएवढा पालू मिळाला. अर्धी मासळी तो सिताबाईला देई. वर्षभराच्या सगळ्या किळसवाण्या धंद्यात, ओकणाऱ्या पॅसेंजरांत आणि कुबट लॉजांत, त्याला तोंड धुतल्यासारखं वाटायचं ते फक्त तिथं. तो कातळ गेला तर कोकणच्या सहली बंद करीन, असं तो रजियाबीला सांगायचा, आणि ते खरंच होतं.

मधले चार महिने खेपा झाल्या, पण कातळाकडं जायला दुपार मिळाली नाही. गेल्या दिवाळीनंतरच्या सहलीत तो गेला, तर कातळावर पाय ठेवायला जागा नव्हती. कपारीकपारीत प्लास्टिक. कागदी प्लेटा, वेफर्सची पाकिटं, गाठ मारलेल्या पिशव्या आणि त्यांच्यात नको ते. त्यानं सिताबाईसमोर सगळ्या टुरिस्ट जातीचा उद्धार केला. माणसं नव्हेत, डुकरं आहेत, असं तो घसा फोडून म्हणाला. ती म्हणाली, वरच्या खाडीपुलावरून कुणी गाडीवाला टाकतो. चार महिने झाले, ती रोज टोपलीनं उचलते. पिशव्यांवरचं छापलेलं उन्हापाण्यानं गेलंय, एकीवर नाव राहिलंय. ग्रामपंचायतीत तक्रार करायची, पण कुणाची करायची ते कळायला हवं.

तिनं घरातून धुऊन वाळवलेली एक पांढरी पिशवी आणली आणि त्याच्या हातात दिली.

"मला अक्षर येत नाय. वाचून सांग, कुठला मेला हाय तो."

पिशवीवर मिठाईचं ताट छापलं होतं आणि खाली ठळक अक्षरांत दुकानाचं नाव, बस स्टँडसमोर, परंडा. फोन नंबरात एक आकडा कमी. हा आकडा कमी छापला गेला म्हणून दुकानदारानं पिशव्यांचा अख्खा गठ्ठा टाकून द्यायला काढला होता आणि बशीरनं तो घाटातल्या ओकाऱ्यांसाठी उचलून आणला होता. जगात ती पिशवी दुसऱ्या कुणाकडं नव्हती.

तो गाडीवाला बशीरच होता. हे त्याला त्या क्षणी कळलं, त्याआधी नाही, हेही सांगितलं पाहिजे. परतीच्या दिवशी सकाळी वाटेतल्या पुलावर, आणि वाट बदलल्यापासून गेले चार महिने याच खाडीपुलावर, गाडी थांबवायची, पोतं कठड्यावरून उलटं करायचं, झटकायचं, घडी घालायची, हा त्याचा नेम. आमच्याकडं नदीला दिलेलं नदी घेऊन जाते. सीनेत टाकलेली चप्पल परत परंड्याला आलेली कुणी पाहिली आहे? वाहत्या पाण्यात टाकलं म्हणजे गेलं, संपलं, असंच त्याचं आयुष्य गेलेलं. गळासाठी तो भरती शिकला, तास-मिनिटं पाठ केली. पोत्याच्या वेळी त्याला भरती आठवली नाही. ओहोटीला पुलाखालून गेलेलं सगळं समुद्र भरतीला त्याच्याच कातळावर परत आणून ठेवत होता.

सिताबाई वाट बघत होती.

"बार्शीचं हाय," बशीर म्हणाला.

का म्हणाला? परंड्याच्या माणसाला चटकन दुसरं गाव सुचत नाही, हे एक. आणि फाटक बंद होईल, हे दुसरं. सिताबाईनं बार्शीला दोन शिव्या दिल्या, मग त्याला कोरा चहा दिला. तू सांगितलंस म्हणून कळलं, म्हणाली. बशीरनं चहा संपवला. गळ टाकला तेव्हा हातांना त्या पिशवीचा वास येत होता, जरी ती धुतलेली होती.

त्या खेपेला त्यानं पोतं पुलावर उलटं केलं नाही. परंड्यापर्यंत नेलं. चारशे किलोमीटर सगळी मंडळी नाकाला रुमाल लावून बसली, कुणी विचारलं तर बशीर अंगावर जायचा. घरी आल्यावर त्यानं तीनदा हात धुतले. रजियाबीनं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा कोकणातली माणसं घाणेरडी आहेत, असं त्यानं सांगितलं.

होळीच्या आधी पुन्हा सहल लागली. जाऊ नये असं त्याला वाटत होतं, पण दुपारी चार तास मिळाले आणि पाय आपोआप वळले. फाटकाशी बोलाचाली ऐकू आली. एक म्हातारा उभा होता, गळ जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला. जवळच्या बांधावर त्याची बायको बसली होती. सिताबाई फाटक अडवून उभी होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. फाटकाशेजारी तिनं ग्रामपंचायतीला दाखवायला उचललेल्या प्लास्टिकचा ढीग रचून ठेवला होता.

म्हाताऱ्यानं गाव विचारल्यावर खरं सांगितलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा. हरिबा नाव, बार्शीचा, दवाखान्यात कंपाउंडर होता, आता रिटायर. समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघत होता.

बशीरला बघून सिताबाईला जोर आला. विचार याला, म्हणाली. यानंच पिशवी वाचली, हा गाडीवाला हाय, हा खोटं कशाला सांगंल?

हरिबानं बशीरकडं पाहिलं. भांडला नाही. "आमच्या गावच्या माणसानं केलं असंल तर आमीच उचलायला पायजे," असं म्हणून त्यानं अभ्र्यातला गळ बाजूला ठेवला, अभ्रा मोकळा केला, आणि उकिडवा बसून ढिगातलं एकेक त्यात भरायला लागला. गाठी मारलेल्या पिशव्या, नुसत्या हातानं. एक फुटली आणि त्याच्या बोटांवर सांडलं. त्यानं ते मातीला पुसलं आणि पुढची उचलली.

पांढरी पिशवी हाताला लागली, तेव्हा तो थांबला. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यानं वाचलं. मग वर बघितलं, बशीरच्या शर्टाच्या खिशावर शिवलेल्या 'बशीर ट्रॅव्हल्स, परंडा' कडं. पिशवीची घडी घालून त्यानं ती अभ्र्यात सगळ्यात खाली सारली.

बशीरला आजवर शेकडो वेळा शिसारी आली होती. प्रत्येक वेळी तोंड फिरवायला दुसरी बाजू असायची. आज नव्हती.

"सोडा ते, बाबा," तो म्हणाला. "आजी, ती पिशवी परंड्याची हाय. माजी हाय. पुलावरून म्याच टाकत हुतो."

सिताबाईला उमगायला थोडा वेळ लागला. तिनं ढिगाकडं पाहिलं, मग हरिबाच्या हातांकडं. बशीर भराभर बोलत सुटला. पाणी परत येतं हे ठाऊक न्हवतं, आता पोतं घरी नेतो, सगळा कातळ एकटा साफ करून देतो, म्हणाला. तिनं त्याला बोलू दिलं.

"कचरा मी उचलला असता रे," ती म्हणाली. "जन्म गेला उचलण्यात. पण मला वाचता येत नाय, म्हणून तर तुझ्या हातात दिली होती."

तिनं हरिबाला आत घेतलं, त्याच्या बायकोलाही हात दिला, आणि फाटकाचे बांबू जागेवर सरकवले. हात धुवायला विहीर कुठं आहे, ते ती हरिबाला सांगत होती. बशीर बाहेर उभा होता आणि भरती चढायला लागली होती.